लुमेंग डोंगराच्या बाजूने बोलली

लुमेंगचं काम म्हणजे माणसांना गुहेत घालायचं आणि पलीकडून सुखरूप बाहेर काढायचं. बानाहाव डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव आहे, आणि गावाच्या खालच्या अंगाला, धबधब्याच्या वाटेवर, न्यायाची गुहा. मेणबत्ती धरून एका तोंडाने शिरायचं, अंग चोरत, सरपटत दुसऱ्या तोंडाने निघायचं. पापी माणूस आत अडकतो म्हणतात. त्यामुळे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात बसगाड्या भरभरून आलेले यात्रेकरू गुहेच्या तोंडाशी उभे राहून एकमेकांच्या पोटांकडे बघत असतात. लुमेंग दगडावर फतकल मारून बसायची आणि आत गेलेल्याला बाहेरून नुसत्या आवाजाने वाट दाखवायची. डावा खांदा आधी घाल, श्वास सोड, आता गुडघा ओढ, घाई कुणाला आहे, गुहा काही पळून जात नाही.

एकदा शहरातला एक जाडजूड कंत्राटदार खरंच अडकला. त्याची बायको, मेव्हणे, सगळा गोतावळा बाहेर उभा. आधी हशा पिकला, मग कुजबूज सुरू झाली, आणि कुजबुजीत त्याचं एकेक प्रकरण बाहेर यायला लागलं. लुमेंगने सगळ्यांना मोठ्याने भजन म्हणायला लावलं, म्हणजे कुजबुजायला कुणाचं तोंड रिकामं राहू नये. मग माझ्या टपरीतून खोबरेल मागवलं, हात आत घालून त्याच्या कमरेला चोळलं आणि त्याला पिकल्या फणसातल्या गऱ्यासारखं बाहेर ओढलं. तो मान खाली घालून उभा राहिला तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाप नव्हतं, पट्टा अडकला होता." तो माणूस पुढे दर वर्षी यायचा, बिनपट्ट्याचा.

ती स्वतः मात्र त्या गुहेत कधीचीच मावेनाशी झाली होती. बुटकी, रुंद, अंगात कायम भावाचे जुने शर्ट. कुणी छेडलं की म्हणायची, "माझा निकाल लागून गेलाय. आता मी कोर्टाची शिपाई."

माझी टपरी धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या माथ्यावर आहे. मेणबत्त्या, कॉफी, नारळाच्या पानात गुंडाळून उकडलेल्या चिकट भाताच्या वळकट्या, ज्याला आम्ही सुमान म्हणतो, एवढंच विकते. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला लुमेंग धर्ममाता म्हणून उभी राहिली, तेव्हापासून आम्ही एकमेकींना 'मारे' म्हणतो. त्यामुळे तिच्या घरात काय शिजतं आणि काय करपतं, दोन्हींचा वास मला आधी यायचा.

तिचं घर म्हणजे ती आणि धाकटा भाऊ तिबुर्स्यो. सगळे त्याला तिबो म्हणत. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि लुमेंग जेमतेम परकर नेसायच्या वयाची. तिनेच त्याला भाताची पेज भरवली, शाळेत घातला, शाळेतून पळाला की छडी घेऊन शोधून आणला. तिच्यासाठी दोन-तीन स्थळं आली होती. पोराला बरोबर घेऊन येईन म्हणाली, म्हणून परत गेली. तिला त्याचं फार वाईट वाटलं असावं असं मला कधी दिसलं नाही. तिबो मोठा झाला, वाटाड्या झाला. यात्रेकरूंची ओझी पाठीवर घेऊन थेट शिखरापर्यंत जायचा. बहीण पायथ्याची, भाऊ माथ्याचा, असं गाव म्हणायचं. त्याने चारिंग नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि शेजारीच झोपडी बांधली. थोरल्या बहिणीला आमच्याकडे 'आते' म्हणतात. सकाळी उठल्यावर तिबोचा पहिला शब्द तोच असायचा, "आते, कॉफी झाली का?" स्वतःच्या घरात बायको असूनसुद्धा.

चारिंगला मूल होईना. शिखराजवळच्या झऱ्याचं पाणी गुणाचं, असं कुणीतरी सांगितलं. तिबो दर फेरीला तिच्यासाठी बांबूच्या नळकांड्यात ते पाणी भरून आणायचा. कित्येक वर्षं आणलं. मूल झालं नाही, आणि एका पावसाळ्यात चारिंगच तापाने गेली. तिबो त्या विषयावर कुणाशी बोलला नाही. फक्त वरच्या फेऱ्या वाढवल्या.

मग तो काळ आला, जेव्हा सगळ्या जगाला शिखरावर जायचं होतं. पवित्र आठवड्यात माणसांची माळ खालपासून वरपर्यंत लागायची. वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली. झाडांना नावं कोरलेली, ओहोळात प्लास्टिकच्या पिशव्या, शेवाळावर सिगरेटची थोटकं. एका उन्हाळ्यात वर वणवा लागला आणि खालच्या झऱ्याला राखेचं पाणी आलं. त्यानंतर सरकारने वरचा डोंगर बंद करायचं ठरवलं. खालची ठाणी, म्हणजे गुहा, धबधबा, देवळं उघडी राहणार. त्याच्या वर काही वर्षं कुणी जायचं नाही.

गावचा कपितान, म्हणजे आमचा सरपंच, भला माणूस. त्याने बास्केटबॉलच्या मैदानावर सभा बोलावली. सगळे तापलेले. वाटाडे, हमाल, वर चहापाणी विकणाऱ्या बाया, सगळ्यांची चूल त्या वाटेवर पेटायची. तिबो सगळ्यात पुढे उभा राहून बोलला. डोंगर आमचा, वाट आमच्या बापजाद्यांची, कचरा शहरातल्यांनी केला आणि शिक्षा आम्हाला, असं म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. टाळ्या पडल्या. मग लुमेंग उठली. मला वाटलं, भावाच्या बाजूने बोलेल. सगळ्यांनाच तसं वाटलं.

"बाई बाळंत झाली तर आपण तिला सव्वा महिना उठू देत नाही," ती म्हणाली. "पाणी भरू देत नाही, पाहुण्यांनाही दारातून परत लावतो. हा डोंगर आपल्याला जन्मभर पोसतोय आणि आपण त्याला एक दिवस आडवं होऊ दिलं नाही. त्याला निजू द्या."

कुणीतरी मागून म्हणालं की तुझी गुहा उघडी राहणार, तुझं काय जातंय. ती म्हणाली की गुहाही बंद करा, मी सुमान विकेन. मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्हा सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होती. हा डोंगर आतून पोकळ आहे. पूर्वी आग ओकायचा, मग कधीतरी त्याच्या मुखातलं तळं फुटलं आणि चिखलपाण्याने गावं वाहून नेली. "ज्याच्या पोटात एवढं आहे तो गप्प बसलाय, तर त्याला डिवचू नये," म्हणाली आणि खाली बसली.

डोंगर बंद झाला तो काही तिच्या बोलण्याने नव्हे, पण तिबोला तसंच वाटलं. सभेतून तो जो निघाला तो बहिणीकडे न बघता. दुसऱ्या दिवशी कॉफीला आला नाही. दोन घरांमध्ये फक्त एक पपईचं झाड, पण त्याने बांबू आणून मध्ये कुंपण घातलं. लोकांसमोर तिचा विषय निघाला तर 'ती बाई' म्हणायचा. लुमेंग कुंपणावरून वाडगं ठेवायची, कधी नारळाच्या दुधातली अळूची भाजी, कधी सुकी मासळी. वाडगं रिकामं परत यायचं, धुतलेलं, पण शब्द यायचा नाही. "खातो ना, मग झालं," ती मला म्हणायची. रात्री झोप लागत नाही हे मात्र तिच्या डोळ्यांखाली दिसायचं.

अशी वर्षं गेली. तिबो चोरून माणसं वर नेतो अशी बोलवा होती. जंगलाचे पहारेकरी त्याच्या पाळतीवर होते. लुमेंगच्या कानावर आलं असणारच. वाडगं मात्र कुंपणावर जातच राहिलं.

त्या दिवशी सकाळी टपरीवर एक नवरा-बायको आली. शहरातली वाटत होती. कॉफी मागितली आणि कप हातात धरून नुसतीच बसली. लुमेंग गुहेकडे जायला निघाली होती. ती थांबली आणि त्यांच्या पायांकडे बघायला लागली. बुटांना काळा, भुसभुशीत चिखल होता आणि त्यात हिरवं शेवाळ. खालच्या वाटेवर नारळाची वाडी आहे, माती तांबूस. तसं शेवाळ फक्त वर, ढग उतरतात त्या रानात. हे आमच्या गावात कुणालाही कळलं असतं. मलाही कळलं, पण मी गप्प बसले होते.

लुमेंग त्यांच्या समोर बसली. "तो कुठे आहे?" एवढंच विचारलं.

बाईला रडूच फुटलं. नवऱ्याने सांगितलं ते असं. आदल्या दिवशी तिबो त्यांना आडवाटेने वर घेऊन गेला. परतताना पावसाने घसरड झाली, याच बाईचा पाय निसटला, तिला धरायला गेला आणि तो स्वतः घळीत पडला. नडगी मोडली. अंधार पडला म्हणून तिघांनी रात्र तिथेच काढली. उजाडल्यावर त्याने यांना ओहोळाच्या कडेने खाली जायला सांगितलं, आणि पहारेकऱ्यांना कळू देऊ नका, माझे दोन मित्र आहेत त्यांना तेवढं सांगा, असं बजावलं. मित्रांची घरं यांना सापडली नव्हती.

मी लुमेंगला बाजूला घेतलं. म्हटलं, माझा दीर आहे, त्याचा मुलगा आहे, झोळी घेऊन जातील, गुपचूप आणतील. कुणाला कळायचं नाही.

"गुपचूप आणलं तर बरा होऊन गुपचूप परत जाईल," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी मी काय उचलून आणू, मारे?" मग त्या बाईकडे वळली. "पोरी, कपितानच्या घरी जा. निळं फाटक. सांग, लुमेंगने पाठवलंय, तिबो वर पडलाय, पहारेकरी आणि झोळी पाठवा. काही लपवू नकोस."

स्वतः तिने सुमानच्या चार वळकट्या आणि पाण्याची बाटली फडक्यात बांधली. पहारेकरी जमून निघेपर्यंत तो एकटा राहायला नको, म्हणाली. गुडघे दुखायचे, वजन असं, आणि बंदी झाल्यापासून तिने शेवटच्या ठाण्यापुढे पाऊल टाकलं नव्हतं. मी डोंगराला शब्द दिलाय, म्हणायची. मी तिला एकटी सोडणार नव्हते. टपरी शेजारणीवर टाकली आणि निघाले. बाईचा नवरा वाट दाखवायला आला, बिचारा, मेल्याहून मेल्यासारखा.

शेवटच्या ठाण्याच्या पुढे जंगल सुरू होतं तिथे लुमेंग थांबली. डोकं झुकवून म्हणाली, "जरा वाट द्या हो. पोराला घ्यायला आलेय, घेऊन लगेच जाते." मग प्रत्येक मोठ्या झाडापाशी, प्रत्येक ओहोळापाशी तेच. चढताना ती माझ्या खांद्याचा खुंटा करायची. एका चढावर मी तिला मागून ढकललं तर म्हणाली, "जपून मारे, मी घसरले तर तुला घेऊनच खाली येईन." जळवा पायाला लागत होत्या, त्या ती बोलत बोलत उपटून फेकायची.

आणि मग ती एकदम बोलायची थांबली. मला वाटलं दम लागला. पण ती बघत होती. जिथे ती बैलगाडीएवढी वाट होती, तिथे वाटच राहिली नव्हती. झाडासारखी उंच नेची दोन्हीकडून येऊन मधोमध भेटली होती. कोरलेल्या नावांवर साल चढली होती, त्यावर शेवाळ, शेवाळातून इवली पांढरी आमरीची फुलं. ओहोळाचा तळ दिसत होता. कुठेतरी वर धनेश ओरडत होता आणि त्याच्या पंखांचा फडफडाट आम्हाला खाली ऐकू येत होता. ज्या गोष्टीसाठी तिने भाऊ घालवला ती तिने आजवर पाहिलीच नव्हती. ती ओल्या दगडावर बसली आणि डोळ्यांना पदर लावावा तसा शर्टाचा सोगा लावला.

"बघ मारे," ती म्हणाली, "बाळंतिणीने अंग धरलंय."

तिबो घळीत होता, एका नेच्याच्या बुंध्याला टेकून, त्या पाहुण्याचा प्लास्टिकचा रेनकोट अंगावर घेऊन. पाय बांबूच्या कांबींनी त्याने स्वतःच बांधला होता. पावलं ऐकून त्याने मान वळवली. पहारेकरी असतील असं वाटलं असावं. बहीण दिसली तेव्हा त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं.

"आते," तो म्हणाला.

लुमेंग बसत, घसरत, कशीबशी त्याच्याजवळ पोचली. त्याचं कपाळ चाचपलं, पाय पाहिला. "बोलता येतंय म्हणजे मेला नाहीस," म्हणाली आणि सुमानचं पान सोडून घास त्याच्या तोंडात कोंबला. तो खात होता तेव्हाच सांगून टाकलं की पहारेकरी येतायत, मीच बोलावलंय.

तिबोचा घास तोंडातच राहिला. "मला कोठडीत घालतील."

"घालू देत. डबा आणीन."

तो रागावला. आधीही तू गावासमोर मला तोंडघशी पाडलंस, आताही तेच, असं काहीबाही बोलला. तिने बोलू दिलं. त्याचं संपल्यावर तिने विचारलं की या लोकांना कशाला आणलंस, काय अडलं होतं. पाहुणा तिकडे पाठ करून उभा होता, पण ऐकत होता.

"ती बाई रडत होती, आते," तिबो म्हणाला. "वरचं पाणी पाहिजे म्हणाली. चारिंग रडायची तशी." मग म्हणाला, "मी काही घेतलं नाही त्यांच्याकडून."

लुमेंगने त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. केसांतला पाचोळा काढत बसली. मी वर झाडांकडे बघायला लागले, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळेना.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "रान किती दाट झालंय. तुला दिसत होतं ना?"

"पहिल्याच वर्षी दिसलं."

"मग कधी बोलला नाहीस."

"बोललो असतो तर तू बरोबर ठरली असतीस," तिबो म्हणाला.

लुमेंग हसायला लागली. तिचं हसू आधी पोटात सुरू व्हायचं, मग खांद्यांत यायचं, आवाज सगळ्यात शेवटी. मांडीवरचं त्याचं डोकं हलायला लागलं, पायात कळ गेली, तो विव्हळला आणि विव्हळता विव्हळता तोही हसला. मुकाट कुंपणापलीकडे काढलेली सगळी वर्षं त्या दोघांनी तिथे हसण्यावारी नेली. मला मात्र रडू येत होतं.

पहारेकरी आले. त्यांच्यातले निम्मे एकेकाळी तिबोच्याच हाताखाली ओझी वाहिलेले. बांबूला झोळी बांधून त्यांनी त्याला खांद्यावर घेतला, आणि सगळ्या वाटेने त्याला टोमणे मारले, की तिबो, आयुष्यभर लोकांना वाहिलंस, आता तुझं वजन कळतंय. लुमेंग मागून येत होती. उतार तिने बराचसा बसूनच उतरला.

तिबोला कोठडी झाली नाही. कपितानने त्याला आणि पाहुण्यांना पंचांपुढे बसवलं. पाहुण्यांनी माफी मागितली. तिबोचा वाटाड्याचा बिल्ला काढून घेतला आणि पाय बरा झाल्यावर पहारेकऱ्यांच्या चौकीमागे रोपं वाढवायच्या कामावर लावलं. तिथे रोज हजेरी. पहिले काही दिवस तो चेहरा पाडून जायचा. मग कुठल्या झाडाचं बी कुठे पडतं, कुठलं रोप उन्हात मरतं यावरून तरण्या पहारेकऱ्यांशी वाद घालायला लागला. नडगी थोडी वाकडी जुळली, लंगडतो. शिक्षेची मुदत संपली तरी अजून तिथेच जातो.

कुंपण त्यानेच काढलं. त्याच्या बांबूंची लुमेंगने कोंबड्यांची खुराडी केली. आता दोघं इतकं भांडतात की सकाळी माझ्या टपरीवर ऐकू येतं. मिठावरून, रेडिओवरून, कोंबडा कुणाच्या अंगणात आरवला यावरून. नवे यात्रेकरू घाबरून मला विचारतात काय झालं. मी सांगते, काही नाही, घरात सगळं ठीक आहे.

पुढच्या पवित्र आठवड्यात ते नवरा-बायको परत आले. मूल झालेलं नव्हतं. त्या बाईने ते आल्या आल्याच सांगितलं, जणू आम्ही विचारण्याआधी उरकून टाकायचं होतं. लुमेंग तिला हाताला धरून पायऱ्या उतरली आणि धबधब्याखाली उभी केली. बाई थंडीने शहारली, मग हळूहळू सैल झाली आणि बराच वेळ तशीच पाण्याखाली उभी राहिली. लुमेंग काठावर तिचा टॉवेल छातीशी धरून थांबली होती.

दुपारी सगळे माझ्या टपरीमागे जेवायला बसलो. तिबोने केळफुलाची भाजी केली होती. ती त्या बाईला आवडली, तिने कृती विचारली. तिबो सांगायला लागला की आधी मीठ लावून चोळायचं, मग पिळून घ्यायचं. लुमेंग मध्येच म्हणाली की आधी चोळायचं नसतं, उकडायचं. तो म्हणाला, तुला कुणी विचारलं. बाईने दोघांकडे पाहिलं आणि ताट पुढे केलं. लुमेंगने तिला आणखी भात वाढला.